मिठाचा रस्ता

जर्मनीच्या दक्षिण भागात, बव्हेरिया प्रांताची राजधानी असलेल्या म्युनिक शहरात एक जुना बाजाररस्ता आहे. मारिएनप्लाट्झ म्हणजे मरियेचा चौक. तेथून हा रस्ता पश्चिमेकडे निघतो आणि कार्ल्सटोर नावाच्या जुन्या वेशीपाशी संपतो. त्याची लांबी एक किलोमीटरही भरत नाही. रस्ता सलग असला तरी नावे दोन आहेत. पहिला भाग काउफिंगर श्ट्रासे आणि पुढचा भाग नॉयहाउझर श्ट्रासे. कपडे, पादत्राणे, घड्याळे आणि खेळणी ह्यांची दुकाने दुतर्फा आहेत, वाहनांना मज्जाव आहे, आणि आठवड्याचे सहा दिवस माणसांचा अखंड ओघ येथून वाहत असतो. जर्मनीतील सर्वांत गजबजलेल्या बाजाररस्त्यांमध्ये ह्याची गणना होते.

बाजार पाहण्यासाठी इतक्या दूर कशाला जावे, असे वाचक म्हणतील. ते रास्तच आहे. परंतु ह्या रस्त्याचे वैशिष्ट्य त्याच्या दुकानांत नाही. बाजार आणि ख्रिस्तसभा येथे आठशेहून अधिक वर्षे शेजारी म्हणून राहिले आहेत. त्या शेजारात भांडणे झाली, तडजोडी झाल्या, थोर कलाकृती निर्माण झाल्या, लज्जास्पद मौन पाळले गेले आणि एका धर्मगुरूने निर्भयपणे सत्यही सांगितले. प्रभू येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली होती. हा रस्ता तर खऱ्याखुऱ्या मिठाच्या व्यापारातूनच जन्माला आला. म्हणून त्याचा इतिहास पाहताना आम्ही एकच प्रश्न मनाशी धरला आहे: बाजाराच्या ऐन मध्यावर राहून ह्या मिठाने आपला खारटपणा राखला काय?

पूल, जकात आणि बिशप

वसई, नायगाव, भाईंदर ह्या भागांत मिठागरे पाहतच वाढलेल्या आपल्या वाचकांना मिठाचे अप्रूप वाटणार नाही. परंतु बव्हेरियाला समुद्रकिनारा नाही, आणि मध्ययुगात मांस, मासे व लोणी हिवाळाभर टिकवायचे तर मिठावाचून दुसरा उपाय नव्हता. आल्प्स पर्वतातील रायशेनहाल येथे खाऱ्या पाण्याचे झरे आहेत. ते पाणी उकळून मीठ काढीत आणि गाड्यांवर लादून पश्चिमेकडील ऑग्सबुर्ग शहराकडे नेत. वाटेत इझार नदी आडवी येई. साहजिकच नदीवरील पूल ज्याच्या ताब्यात, त्याच्या पदरी मिठाची जकात पडे.

बाराव्या शतकाच्या मध्यास हा पूल फ्रायझिंगच्या बिशपांच्या हद्दीत फ्योरिंग येथे होता. त्या वेळचे बिशप ओट्टो हे मध्ययुगातील एक थोर इतिहासकार आणि नात्याने सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचे काका. दुसऱ्या बाजूला होता बव्हेरियाचा ड्यूक हेन्री. त्याला 'सिंह' हे टोपणनाव होते आणि तो सम्राटाचा मामेभाऊ. ह्या ड्यूकने बिशपांचा पूल मोडून नदीच्या वरच्या अंगाला, म्युनिक येथे, आपला नवा पूल उभारला आणि जकात तिकडे वळवली. काका आणि मामेभाऊ ह्यांच्यातील हा तंटा सम्राटापुढे गेला. १४ जून ११५८ रोजी ऑग्सबुर्ग येथे निवाडा झाला. बाजार, नाणी पाडण्याचा हक्क आणि पुलाची जकात म्युनिकमध्येच राहावी. मात्र जकातीच्या व नाण्यांच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपांना मिळावा, असे ठरले. तोच दिवस म्युनिक शहराचा जन्मदिन मानला जातो. म्हणजे ह्या शहराचा जन्मदाखला हाच मुळी बाजार आणि ख्रिस्तसभा ह्यांच्यातील पैशाच्या वादाचा तडजोडनामा आहे!

गंमत अशी की, 'म्युनिक' ह्या नावाचा मूळ अर्थ 'मठवासीयांपाशी' असा आहे. शहराच्या मानचिन्हावरही काळ्या-सोनेरी झग्यातील एक मठवासी आजतागायत उभा आहे. व्यापाराने वसवलेल्या गावाने नाव मात्र संन्याशांचे घेतले. पुढे १३३२ साली सम्राट लुडविग ह्याने ह्या भागातील मिठाची वाहतूक म्युनिकमधूनच व्हावी असा हुकूम दिला, तेव्हा शहराची भरभराट पक्की झाली. मिठाच्या गाड्या पूर्वेकडून येत, चौक ओलांडीत आणि आपण पाहत असलेल्या ह्याच रस्त्याने पश्चिमेस ऑग्सबुर्गकडे जात.

काउफिंगर हे नाव येथे घर असलेल्या काउफ्रिंगर घराण्यावरून पडले. 'विकत घेणे' ह्या अर्थाच्या जर्मन क्रियापदाशी त्याचे ध्वनिसाम्य आहे आणि बाजारपेठेला ते शोभूनही दिसते, पण तो निव्वळ योगायोग होय. नॉयहाउझर हे नाव मात्र रस्ता पुढे ज्या नॉयहाउझेन गावाकडे जातो त्यावरून आले. दोन्ही रस्त्यांच्या सांध्यावर शहराच्या पहिल्या तटाची वेस होती. तिच्यावरील मनोऱ्याला लोक 'सुंदर मनोरा' म्हणत. १८०७ साली तो पाडण्यात आला. आता फरसबंदीत त्याच्या पायाची आकृती तेवढी दाखवलेली आहे.

ह्या मनोऱ्याची एक दंतकथा लोक अजून सांगतात. मनोऱ्याजवळ राहणाऱ्या एका सोनाराकडे कोणी एक मौल्यवान दागिना दुरुस्तीस दिला होता. तो नाहीसा झाला. सोनाराच्या बोलण्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही आणि चोरीच्या आरोपाखाली त्याला देहदंड झाला. पुढे केव्हातरी तो दागिना मनोऱ्यावरील पक्ष्याच्या घरट्यात सापडला. कथा खरी असो वा नसो. बाजारात निरपराध माणसाविरुद्ध सारे गाव एक होऊ शकते, ही जाणीव ह्या रस्त्याच्या स्मृतीत फार जुनी आहे. पुढे विसाव्या शतकात तिचा फार भीषण अनुभव आला.

वेशीबाहेरचे मठवासी

पहिल्या तटाच्या बाहेर, १२९४ साली, संत अगस्तीनच्या संघाचे मठवासी येऊन राहिले. वेशीबाहेरची जागा, येणारे-जाणारे गाडीवान, वाटसरू आणि भिक्षेकरी, असा त्यांचा शेजार होता. शहर वाढले, नवा तट बांधला गेला, आणि मठ आपोआप शहराच्या आत आला. मठात बिअर तयार होई. मठाच्या मद्यशाळेचा इतिहास १३२८ सालापर्यंत मागे नेला जातो. उपवासकाळात पोटाला आधार म्हणून मठामठांतून बिअर घेतली जाई, हे आपल्याकडील वाचकांना नवलाचे वाटेल. पण बव्हेरियात ते अन्नच समजले जाते.

१८०३ साली बव्हेरियाच्या सरकारने मठ बरखास्त करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. तिजोरी रिकामी होती आणि नव्या विचारांच्या अधिकाऱ्यांना मठ हे जुन्या काळाचे ओझे वाटत होते. अगस्तीनसंघीयांच्या चर्चमध्ये जकातीचे कोठार आले. ज्या शहराची सुरुवातच जकातीच्या वादाने झाली, त्या शहरात अखेरीस जकात वेदीपर्यंत पोहोचली! चर्चची इमारत अद्याप उभी आहे, मात्र १९६६ पासून तेथे शिकार व मासेमारी ह्यांचे संग्रहालय आहे. दारात एक ब्राँझचे रानडुक्कर बसवलेले आहे. मुले त्याच्या पाठीवर बसतात आणि त्याचे नाक येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी घासून चकचकीत झाले आहे. मठाच्या उरलेल्या जागेवर विसाव्या शतकाच्या आरंभी पोलीस मुख्यालयाची इमारत बांधण्यात आली. बिअर मात्र टिकली. मठवासी गेले, पण त्यांचे नाव धारण करणारे प्रशस्त बिअरगृह ह्या रस्त्यावर आजही भरलेले असते. प्रार्थना विसरली जाते आणि पेय लक्षात राहते, असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणे कठीण आहे.

महादूताचे मंदिर

ह्या रस्त्यावरील सर्वांत भव्य वास्तू म्हणजे महादूत संत मायकल ह्यांचे चर्च. धर्मसुधारणेच्या चळवळीने जर्मनी दुभंगली होती, त्या काळात बव्हेरियाचे राजघराणे कॅथलिक राहिले. १५५९ साली येशूसंघीय म्युनिकला आले आणि त्यांनी शाळा सुरू केली. ड्यूक विल्हेल्म पाचवा ह्याने त्यांच्यासाठी १५८३ मध्ये ह्या चर्चचे काम आरंभले. १५९० साली मनोरा कोसळला आणि त्याखाली वेदीकडचा भाग चिरडला गेला. दुसरा कोणी असता तर खचला असता. ह्या ड्यूकने मात्र मनोऱ्याचा नाद सोडला आणि चर्च अधिक लांब, अधिक विशाल करण्याचा हुकूम दिला. १५९७ साली त्याचे पवित्रीकरण झाले.

आत गेल्यावर दृष्टी प्रथम वर जाते. खांबांच्या आधाराशिवाय वीस मीटरहून अधिक रुंदीची एक सलग कमान संपूर्ण सभागृहावर पसरलेली आहे. रोममधील संत पेत्राच्या मंदिरातील कमान सोडल्यास अशा प्रकारची एवढी मोठी कमान दुसरीकडे नाही, असे मानले जाते. दर्शनी भिंतीवर सर्वांत वर प्रभू ख्रिस्त, त्याखाली ओळीने राजे व ड्यूक, आणि दोन दारांच्या मधोमध सैतानाला भाल्याने नमवणारा ब्राँझचा महादूत, अशी रचना आहे. शिल्पकार ह्यूबर्ट गेरहार्ड ह्याने ही मूर्ती १५८८ मध्ये घडवली. बाजारातून जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते. महादूताची पाठ वेदीकडे आणि तोंड बाजाराकडे आहे, हे आमच्या मते सूचक आहे. सैतानाशी झुंज चर्चच्या आत नव्हे, तर दाराबाहेर द्यावयाची असते.

चर्चच्या तळघरात बव्हेरियाच्या राजघराण्यातील अनेकांच्या शवपेट्या आहेत. स्वप्नाळू वृत्तीचा आणि भव्य राजवाडे बांधणारा राजा लुडविग दुसरा, ज्याचा १८८६ मध्ये शोकान्त झाला, तोही येथेच चिरविश्रांती घेत आहे.

हे चर्च उभे राहत होते, त्याच वर्षांत येशूसंघीय आपल्या किनाऱ्यावरही बांधीत होते. गोव्यातील बॉम जेझू बासिलिकाचे काम १५९४ मध्ये सुरू होऊन ती १६०५ मध्ये पवित्र करण्यात आली. मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स १५७९ मध्येच गोव्यात पोहोचले होते. म्युनिकची कमान आणि गोव्याचा जांभा ह्यांत हजारो मैलांचे अंतर असले, तरी त्यांच्यामागील प्रेरणा एकाच संघाची होती.

रस्त्याच्या पश्चिम टोकाकडे ब्युर्गरझाल नावाचे दुसरे चर्च आहे. त्याचा अर्थ 'नागरिकांचे सभागृह'. शहरातील व्यापारी, कारागीर व इतर गृहस्थ ह्यांची एक मरियन सोडॅलिटी १६१० मध्ये स्थापन झाली होती. आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांना सोडॅलिटी हा शब्द सांगावयास नकोच. ह्या सोडॅलिटीने १७०९-१० मध्ये आपल्या सभांसाठी हे सभागृह बांधले. वर झळाळते प्रार्थनागृह, खाली ठेंगणे, अंधुक, शांत चर्च. ह्याच खालच्या चर्चकडे आम्हांला वाचकांना न्यावयाचे आहे. परंतु त्यापूर्वी रस्त्याच्या सर्वांत काळ्या पर्वातून जावे लागेल.

दुकानांच्या काचा

म्युनिक ही हिटलरच्या पक्षाची जन्मभूमी. १९३३ च्या जानेवारीत तो सत्तेवर आला. त्याच वर्षी १० मार्चला मिखाएल झीगेल नावाचे एक ज्यू वकील, आपल्या अटक झालेल्या अशिलाची तक्रार घेऊन पोलीस मुख्यालयात गेले. मुख्यालय म्हणजे तेच, मठाच्या जागेवरचे, संत मायकल चर्चला लागून असलेल्या गल्लीतले. तेथे त्यांना मारहाण झाली. मग त्यांच्या विजारीचे पाय कापून टाकले, गळ्यात पाटी अडकवली आणि अनवाणी स्थितीत त्यांची भर रस्त्यातून रेल्वेस्थानकाच्या दिशेने धिंड काढली. पुन्हा कधी पोलिसांकडे तक्रार करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्या पाटीवर होता. त्या धिंडीचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. झीगेल १९४० मध्ये पेरू देशात निघून गेले आणि वाचले. सर्वच वाचले नाहीत.

१ एप्रिल १९३३ रोजी देशभर ज्यू दुकानांवर बहिष्कार पुकारण्यात आला. जर्मनीच्या बिशपांनी त्याचा एकत्रितपणे जाहीर निषेध केला नाही. त्याच वर्षीच्या आगमनकाळात म्युनिकचे कार्डिनल फाउलहाबर ह्यांनी संत मायकल चर्चमध्ये जुन्या कराराच्या समर्थनार्थ प्रवचने दिली, ती ऐकण्यास लोटलेली गर्दी आत मावत नव्हती. ज्यूंचा धर्मग्रंथ ख्रिस्ती लोकांनी टाकून द्यावा, असे सत्ताधाऱ्यांचे समर्थक म्हणत असताना ही प्रवचने धैर्याचीच होती. परंतु ग्रंथाचे समर्थन झाले; त्या ग्रंथाच्या लोकांसाठी, रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्यांसाठी, तेवढ्याच उच्च स्वरात कोणी बोलले नाही. इतिहास लिहिताना हे झाकता येणार नाही, आणि झाकूही नये.

वेशीजवळच्या एका आडरस्त्यावर १८८७ साली बांधलेले ज्यूंचे मुख्य सभास्थान होते. हिटलरच्या हुकमाने ते जून १९३८ मध्ये पाडण्यात आले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री मारिएनप्लाट्झवरील जुन्या नगरभवनात पक्षाचे नेते जमले होते. तेथून गोबेल्सच्या चिथावणीने देशभर ज्यूंची दुकाने, घरे व सभास्थाने ह्यांवर हल्ले सुरू झाले. नगरभवनापासून काही पावलांवर, काउफिंगर श्ट्रासेवर, 'बांबर्गर उंट हेर्ट्स' हे ज्यू मालकांचे कपड्यांचे नामांकित दुकान होते. त्याला आग लावण्यात आली. दुसऱ्या दिवशी नेहमीचे ग्राहक त्या काचांच्या खचावरून चालत गेले असतील. नोव्हेंबर १९४१ मध्ये म्युनिकमधील सुमारे १,००० ज्यूंना पहिल्या आगगाडीने लिथुआनियातील कौनास येथे नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. कालपर्यंत ती ह्याच रस्त्यावर जोडे आणि कपडे घेत होती.

एका पायाचा धर्मगुरू

ब्युर्गरझालच्या खालच्या चर्चमध्ये फादर रूपर्ट मायर ह्यांची कबर आहे. ते एका व्यापाऱ्याचे पुत्र. जन्म २३ जानेवारी १८७६, श्टुटगार्ट येथे. १८९९ मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा घेऊन पुढील वर्षी ते येशूसंघात दाखल झाले. त्या काळी जर्मनीत येशूसंघावर बंदी होती, म्हणून त्यांना ऑस्ट्रियातील फेल्डकिर्श येथे जावे लागले. देशात जागा नसलेल्या ह्याच जर्मन येशूसंघीयांनी मुंबई-पुण्याकडील मिशनकार्याचा भार उचलला होता, आणि त्यांच्यापैकीच फादर डोरिंग ह्यांनी १९०३ मध्ये आपल्या मराठी 'निरोप्या'ची मुहूर्तमेढ रोवली, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

१९१२ मध्ये फादर मायर म्युनिकला आले. खेड्यांतून पोटासाठी शहरात येणाऱ्या, ओळखदेख नसलेल्या माणसांची काळजी वाहणे हे त्यांचे काम. पहिल्या महायुद्धात ते सैनिकांचे धर्मगुरू झाले. आघाडीवरच्या खंदकात, गोळीबारात, ते जखमींच्या शेजारी जाऊन पडत. ३० डिसेंबर १९१६ रोजी रुमानियात बाँबच्या स्फोटाने त्यांचा डावा पाय चिरडला आणि तो कापावा लागला. त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी कृत्रिम पायावर काढले. १९२१ मध्ये ब्युर्गरझालच्या सोडॅलिटीची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९२५ पासून रविवारी सहलीला किंवा कामाला निघणाऱ्यांसाठी त्यांनी रेल्वेस्थानकातच पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास मिस्सा सुरू केली. लोक चर्चकडे येत नाहीत म्हणून हळहळत बसण्याऐवजी लोक जेथे आहेत तेथे त्यांनी वेदी नेली.

हिटलरचा पक्ष बाल्यावस्थेत होता, तेव्हापासूनच फादर मायर त्याच्या सभांना जाऊन बसत आणि ऐकत. १९२३ मध्ये म्युनिकमधील एका बिअरगृहात विषय होता: कॅथलिक मनुष्य राष्ट्रीय समाजवादी होऊ शकतो काय? फादर मायर व्यासपीठावर चढले आणि त्यांनी स्वच्छ नकार दिला. सभा खवळली. युद्धात पाय गमावलेल्या ह्या माणसाला देशद्रोही म्हणणे मात्र कोणास सोपे गेले नाही.

सत्तापालटानंतर संत मायकल चर्चच्या प्रवचनपीठावरून ते बोलत राहिले. त्यांचा रोख मुख्यतः ख्रिस्तसभेची जी बदनामी चालली होती, कॅथलिक शाळा बंद पाडण्याचा जो उद्योग चालला होता, त्यावर असे. श्रोत्यांत गुप्त पोलीस टिपणे घेत बसत. १९३७ च्या एप्रिलमध्ये त्यांना संपूर्ण जर्मनीत जाहीर भाषणाची बंदी झाली. चर्चमधील प्रवचन हे राज्याच्या अखत्यारीत येत नाही, असे मानून ते प्रवचन देतच राहिले. जूनमध्ये अटक झाली आणि जुलैमध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. शिक्षा तूर्त स्थगित झाली. पण पुन्हा प्रवचनपीठावर चढताच १९३८ च्या आरंभी त्यांना पुन्हा पकडून लांड्सबेर्गच्या तुरुंगात टाकण्यात आले. तेथून सुटल्यानंतर, नोव्हेंबर १९३९ मध्ये तिसरी अटक झाली. ह्या वेळी त्यांच्याकडे विश्वासाने बोलावयास आलेल्या माणसांविषयीची माहिती हवी होती. ती देण्यास त्यांनी नकार दिला. त्यांची रवानगी बर्लिनजवळच्या झाक्सनहाउझेन छळछावणीत झाली. साठी ओलांडलेल्या त्या अपंग धर्मगुरूची प्रकृती ढासळली. छावणीत मृत्यू आला तर हा मनुष्य हुतात्मा ठरेल, ह्या भीतीने ऑगस्ट १९४० मध्ये त्यांना डोंगरातील एट्टालच्या मठात नेऊन जगापासून तोडण्यात आले. प्रवचन नाही, भेटीगाठी नाहीत. बोलण्यासाठीच जन्मलेल्या माणसाला पाच वर्षे गप्प बसविण्यात आले.

मे १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य आले आणि ते म्युनिकला परतले. रस्ता उरला नव्हता. नोव्हेंबर १९४४ च्या बाँबवर्षावात संत मायकल चर्चची ती प्रसिद्ध कमान कोसळली होती, ब्युर्गरझाल जळाले होते, दुकानांच्या जागी विटांचे ढीग होते. तशा शहरात कृत्रिम पायाने फिरून ते भुकेल्यांसाठी अन्नवस्त्र गोळा करू लागले. १ नोव्हेंबर १९४५, सकल संतांचा सण. उद्ध्वस्त संत मायकल चर्चच्या एका उपमंदिरात ते सकाळची मिस्सा करीत होते. प्रवचनात 'प्रभू' हा शब्द दोनतीनदा उच्चारून त्यांची वाचा थांबली. पक्षाघाताचा झटका आला होता. परंतु ते पडले नाहीत. कृत्रिम पायाने त्यांना वेदीपाशी उभेच ठेवले. फादर मायर मरणातही आडवे झाले नाहीत, असे म्युनिकचे लोक पुढे सांगू लागले.

१९४८ मध्ये त्यांचे अवशेष ब्युर्गरझालमध्ये आणण्यात आले. ३ मे १९८७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी म्युनिकमध्येच त्यांना धन्यवादित घोषित केले.

ढिगाऱ्यानंतर

युद्धानंतर शहराने जुन्या रस्त्यांच्या रेषा न मोडता पुनर्बांधणी करावयाचे ठरवले, म्हणून मिठाच्या गाड्यांची ती वाट आज ओळखता येते. मारिएनप्लाट्झवर १६३८ साली उभारलेला मरियेचा स्तंभ युद्धानंतर पुन्हा आपल्या जागी आला. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने शहर जाळले नाही, ह्याबद्दल ती कृतज्ञता होती. तिच्या पायथ्याशी चार चिमुकले देवदूत भूक, युद्ध, रोगराई आणि पाखंड ह्या चार संकटांशी झुंजत आहेत.

१९६० मध्ये म्युनिकला आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस भरली. शहराजवळच्या डाखाउ छळछावणीत हजारो धर्मगुरू डांबले गेले होते. तेथे त्या वेळी प्रायश्चित्त आणि स्मरण म्हणून एक उपमंदिर पवित्र करण्यात आले. त्यानंतरची काँग्रेस १९६४ मध्ये आपल्या मुंबईस भरली आणि पोप सहावे पॉल भारतभूमीवर आले. वाचकांच्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत तो सोहळा असेलच. म्युनिकहून मुंबईस आलेल्या त्या वारशात डाखाउचा पश्चात्तापही होता, ह्याचे स्मरण सहसा होत नाही.

१९७२ च्या ऑलिंपिक सामन्यांपूर्वी, जूनअखेरीस, ह्या रस्त्यावरील ट्राम व मोटारी हटवून तो केवळ पादचाऱ्यांचा करण्यात आला. भुयारी रेल्वे खालून धावू लागली. व्यापार बुडेल असे भय अनेक दुकानदारांना होते. घडले उलटेच. माणसे चालू लागली आणि दुकाने भरली.

रविवारी मात्र दुकाने बंद असतात. रविवार हा विसाव्याचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून राखावा, असे कलम जर्मनीच्या १९१९ च्या राज्यघटनेत होते. १९४९ च्या घटनेतही ते कायम ठेवण्यात आले. बर्लिनच्या सरकारने आगमनकाळातील चारही रविवारी दुकाने उघडण्यास मुभा दिली, तेव्हा ख्रिस्ती धर्मसंस्था न्यायालयात गेल्या आणि २००९ मध्ये देशाच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. मागणारा बाजार आणि 'आज नको' म्हणणारी घंटा ह्यांचा तो जुना वाद अशा रीतीने चालूच आहे.

बाजार सदाच जिंकतो असेही नाही. संत मायकल चर्चशेजारील येशूसंघीयांच्या जुन्या विद्यालयाची विस्तीर्ण इमारत एका बड्या परदेशी मालमत्ता कंपनीने दुकाने, कचेऱ्या व सदनिका ह्यांसाठी दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली होती. २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि काम अर्धवट थांबले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इझार नदीच्या एका बंधाऱ्याची दुरुस्ती चालू असता पाण्यातून कोरीव दगड वर आले. ते १९३८ मध्ये पाडलेल्या सभास्थानाचे होते. युद्धानंतर राडारोडा म्हणून कोणी ते नदीत लोटले होते. त्यांत दहा आज्ञांच्या शिलापटाचा तुकडा होता. कित्येक दशके नदीने तो जपून ठेवला. आज्ञा पाण्यात बुडवल्या म्हणून रद्द होत नाहीत.

वाचकहो, आरंभी आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हा रस्ता एका शब्दात देत नाही. येथे ख्रिस्तसभेने जकातीसाठी भांडण केले, अनुपम कमान उभारली, शेजाऱ्याची काच फुटली तेव्हा बव्हंशी ती गप्प राहिली. आणि येथेच तिच्या पोटी असा एक माणूस जन्मला, ज्याला गप्प करण्यासाठी एका बलाढ्य राज्याला तीन वेळा अटक करावी लागली. मीठ नेहमीच थोडे असते. पोत्याने टाकले तर अन्न खाववत नाही. पण चिमूटभर नसले तर सारा स्वयंपाक वाया जातो.

ब्युर्गरझालच्या खालच्या चर्चमध्ये आजही दिवसभर माणसे येतात. हातांत नुकत्याच घेतलेल्या वस्तूंच्या पिशव्या असतात. त्या जमिनीवर ठेवून ती क्षणभर कबरीपाशी गुडघे टेकतात, आणि पिशव्या उचलून पुन्हा बाजारात मिसळतात. आपल्या धर्मग्रामांच्या अंगणापर्यंतही आता बाजार येऊन ठेपला आहे. त्याला विरोध करून भागणार नाही, कारण आपली पोटे त्यावरच आहेत. आपल्या शेजारच्या दुकानाची काच कोणी फोडील, त्या दिवशी आपण कोठे उभे असू, एवढे मात्र प्रत्येक कुटुंबाने आधीच ठरवून ठेवावे.